उभ्या गाडीचे प्रवासी

२०१५ साल. साहेब एकोणसाठ वर्षांचे होते आणि मी अठ्ठावन्नचा. आमच्या दोघांत जास्त हट्टी कोण, असं यार्डात कोणाला विचारलं असतं तर त्याने आधी मागे-पुढे बघितलं असतं आणि मग हळूच सांगितलं असतं, "दोघं."

मी त्यांची स्तुती लिहिणार नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे वाचणाऱ्याची नंतर तक्रार नको. त्याला कारण आहे, आणि ते कारण त्यांनीच घालून दिलेलं आहे. ते पुढे येईलच.

नाशिक रोडला वसाहतीच्या कडेला एक बाग आहे. तिथे पत्र्याच्या लांब छपराखाली रेल्वेची जुनी इंजिनं आणि डबे मांडून ठेवलेत. रविवारी पोरं येतात, लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला येतात. छपराखालचं सगळं रंगवलेलं, पितळ घासलेलं. पण छपराच्या बाहेर, कडुनिंबाखाली, एक तपकिरी डबा उभा आहे. त्याला खिडक्या नाहीत. रंग उडालेला, दार तिरकं. त्याच्यासमोर कोणी फोटो काढत नाही. लोक विचारतात, हे भंगार इथे कशाला ठेवलं? त्यांना काय सांगणार. सांगायचं तर आधी साहेब सांगावे लागतात.

मी त्या यार्डात मुकादम होतो. रेल्वेत जे निकामी होतं त्याला कंडम म्हणतात. कंडम डबे, कंडम इंजिनं आमच्या सायडिंगला येऊन उभी राहायची आणि माझी गॅसकटरवाली माणसं त्यांचे तुकडे करायची. माझी शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांशी वाद झाला. चूक मास्तरांची होती. त्यांनी मान्य केली नाही, मी परत गेलो नाही. मास्तर वारले, तरी माझं म्हणणं तेच आहे. पण लोखंड कापण्यात माझा हात कोणी धरला नाही, आणि माझ्या यार्डात येऊन मला कोणी शिकवलेलं मला खपत नव्हतं.

अशात वरून हुकूम आला की सगळंच कापू नका, थोडं पुढच्या लोकांना बघायला ठेवा. काय ठेवायचं आणि काय कापायचं हे ठरवायला हे साहेब आले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ऑइलच्या चिखलात चकचकीत बूट आणि बारा महिने हातात काळी छत्री. ती त्यांनी कधी उघडली नाही. भर पावसातसुद्धा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ही बोट दाखवायला आहे, मुकादम. खरं बोट दाखवलं की माणसं चिडतात."

छत्री दाखवली की चिडत नाहीत, असा त्यांचा समज होता. तो चुकीचा होता.

पहिल्याच दिवशी मी त्यांना एका इंजिनापाशी नेलं आणि म्हटलं, "साहेब, हे ठेवा. लय जुनं हाय."

"जुना तर तुमच्या खांद्यावरचा टॉवेल पण आहे. तो टांगू का बागेत?"

माझी माणसं हसली. माझ्या यार्डात, माझ्या टॉवेलवर. मी त्या दिवशी त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. त्यांनी माझा कप उचलला, तोही पिऊन टाकला आणि म्हणाले, "वाया नको जायला."

आता त्यांची ठरवायची रीत ऐका. असली रीत मी नंतर कुठे बघितली नाही आणि बघायची इच्छाही नाही.

दुसरा कोणी अधिकारी असता तर कागद बघितले असते, डबा कुठे बांधला, कधी बांधला ते विचारलं असतं. हे साहेब डब्यात जाऊन बसायचे. खिडकीशी. छत्री मांडीवर. आणि म्हणायचे, "मुकादम, गाडी सोडा."

गाडी कुठली सोडायची? डबा गवतात उभा. चाकांत बाभळी उगवलेल्या. पण साहेबांचं म्हणणं असं की डबा बघून कळत नाही, प्रवास करून कळतो. मग मी खाली उभं राहून शिट्टी मारायची आणि घड्याळाकडे बघून, खरी पॅसेंजर जेवढा वेळ घेते तेवढा वेळ घेऊन, एकेका स्टेशनचं नाव पुकारायचं. ओढा. खेरवाडी. कसबे सुकेणे. निफाड. माझी माणसं प्रवासी व्हायची. गणपत नावाचा माझा कटरवाला किटली घेऊन चहा विकायचा, आणि तो खरा चहावाला असल्यासारखा पाणी घालायचा. तिकीट म्हणून कडुनिंबाचं पान. दारात साहेब स्वतः ते पान जुन्या पंचने टोचून द्यायचे. पान नसेल त्याला खाली उतरवायचे.

कायदा एकच. मनमाड येईपर्यंत साहेब बसून राहिले तर डबा राहिला. खडूने दारावर एक गोल. मधेच उठले तर डबा गेला. फुली.

एक गुबगुबीत खुर्च्यांचा डबा होता. माझ्या माणसांना तो लय आवडायचा, दुपारची झोप त्यातच व्हायची. साहेब बसले, सगळे बसले. ओढा येईपर्यंत निम्मे घोरत होते आणि निम्मे मोबाइलमध्ये. साहेब ओढ्यालाच उतरले. फुली.

मी म्हटलं, "एवढा चांगला डबा, साहेब. बसायला मऊ."

"मऊ आहे ना. मग गादीवाल्याला द्या."

दुसरा डबा लाकडी बाकांचा होता. बाकं अशी की बसल्यावर दहा मिनिटांत माणसाला आपली सगळी हाडं कळावीत. त्यात सुकेण्यापर्यंत दोघांची खिडकीवरून भांडणं झाली. निफाडला तेच दोघे एका पुडीतले शेंगदाणे खात होते. उगाव गेलं तसा एकाने बहिणीच्या सासरची कथा काढली आणि लासलगावपर्यंत सगळा डबा तिच्या सासूला शिव्या घालत होता. साहेबसुद्धा. "तिला माहेरी आणा दिवाळीला, आणि परत धाडायची घाई करू नका," असा सल्ला त्यांनी छत्री आपटून दिला. मनमाड आलं तरी कोणी उठेना. त्या डब्याला गोल मिळाला. आज छपराखाली पहिला उभा आहे तो तोच.

त्याच डब्यात आणखी एक प्रकार झाला होता आणि तो सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आम्ही निफाड सोडलेलं. तेवढ्यात धुरळा उडवत गाडी आली आणि मुंबईचे मोठे साहेब उतरले. आमच्या साहेबांचेही साहेब. न कळवता आलेले. मी धावत डब्याच्या खिडकीखाली गेलो. "साहेब, उतरा. मोठे साहेब आलेत."

"कुठे आहोत आपण?"

"साहेब, यार्डात आहोत."

"मुकादम."

मी घड्याळ बघितलं. "निफाडच्या पुढं, साहेब."

"मग उतरू कसा? गाडी चालू असताना उतरणं गुन्हा आहे. त्यांना सांगा, उगावला थांबते."

हे मोठ्या साहेबांना सांगायचं कोणी? मी सांगितलं. माझी नोकरी, माझं पेन्शन, सगळं त्या वाक्यात घालून सांगितलं. मोठे साहेब खडीवर उन्हात उभे राहिले. त्यांनी डब्याकडे बघितलं. आत गणपत ओरडत होता, "चाय गरम." काही वेळाने मी उगाव पुकारलं. मोठे साहेब पायरी चढले. दारात आमचे साहेब हात पुढे करून उभे.

"तिकीट?"

मोठे साहेब खाली उतरले, कडुनिंबाचं पान तोडून घेऊन आले, टोचून घेतलं आणि बाकावर बसले. लासलगाव गेल्यावर त्यांनी बूट काढून पाय वर घेतले. मनमाडला उतरताना मला म्हणाले, "हा माणूस वेडा आहे का हो?"

मी म्हटलं, "आम्हाला पण हाच प्रश्न पडलाय."

पान त्यांनी फेकलं नाही. खिशात घातलं. हे मी बघितलं.

इंजिनांना साहेबांचा कायदा वेगळा होता. इंजिनात बसून प्रवास होत नाही, म्हणाले, इंजिन ज्याने चालवलं त्याला विचारावं. मग ते रिटायर झालेल्या ड्रायव्हरांना बोलवायचे, इंजिनाजवळ खुर्ची टाकायचे, चहा द्यायचे आणि गप्प बसायचे. ड्रायव्हर बोलायला लागायचा. एकाने एका इंजिनाची अशी स्तुती केली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय ताकद, काय रूप, कधी दगा दिला नाही. साहेबांनी त्याला नमस्कार करून पाठवलं आणि इंजिनावर फुली मारली.

पुढच्या आठवड्यात इगतपुरीचा एक म्हातारा ड्रायव्हर आला. त्याला एका घाटातल्या इंजिनासमोर बसवलं. त्याने इंजिन बघितलं आणि चहा खाली ठेवला. "हे? हे अजून जिवंत हाय व्हय? हे लय हरामी. कसाऱ्याच्या घाटात मला पावसात उभं केलं यानं. थंडीत सुरू व्हायचं नाय, सुरू झालं तर थांबायचं नाय. माझ्या लग्नाला मी उशिरा पोचलो ते याच्यामुळं." अर्धा तास शिव्या. शेवटी उठला आणि इंजिनाला एक लाथ घातली. मग पाय चोळत बसला.

साहेबांनी गोल काढला.

मी म्हटलं, "साहेब, हे उलटं झालं."

"सरळ आहे. स्तुती मेलेल्याची करतात, मुकादम. शिव्या घरच्याला देतात."

 

होता होता छपराखालच्या जागा भरत गेल्या. एकच उरली. साहेबांना रिटायर व्हायला थोडेच दिवस होते, आणि त्यांच्यामागे जे काही यार्डात उरेल ते सगळं ठेकेदाराच्या माणसांनी कापून न्यायचं, असं ठरलं होतं. शेवटच्या जागेला दोन डबे. एक, जुन्या अधिकाऱ्यांचा सलून डबा. सागवानी, पितळी कड्या, आत झोपायचा पलंग आणि न्हाणीत टब. आख्ख्या यार्डाला तोच हवा होता. मुंबईलाही तोच हवा होता.

दुसरा मला हवा होता. सायडिंगच्या टोकाला, बाभळीत गेलेला, बिनखिडक्यांचा. कोणे एके काळी तो मुंबईच्या पॅसेंजरला लागायचा आणि आमच्या भागातली भाजी, फुलं घेऊन जायचा. नंतर रुळवाल्यांनी त्यात फावडी-घमेली ठेवली. नंतर कुत्री व्यायली.

साहेब सलूनमध्ये बसले होते. खेरवाडीलाच उठले. "एका माणसाचा डबा आहे," म्हणाले. "बोलायला आरसा फक्त." तरी फुली मारली नाही. वरचा आग्रह होता. मी संधी साधली.

"साहेब, आता ह्या भाजीच्या डब्यात बसा. कल्याणपर्यंत."

"त्याला खिडकी नाही."

"तुमचा कायदा हाय. बसल्याशिवाय फुली मारता येत नाय."

त्यांनी छत्री काखेत मारली. "उद्या."

आमचा मळा यार्डाजवळच्या दसक गावात. भाऊ बघतो. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्याच्याकडून मेथी, कोथिंबीर आणि झेंडूच्या पाट्या आणल्या, ओलं गोणपाट टाकून डब्यात रचल्या, पाणी शिंपडलं. भाऊ म्हणाला, "कापायच्या डब्यात भाजी भरतोस? डोकं फिरलं का तुझं?" मी म्हटलं, "साहेबांचं फिरलंय, मी फक्त भरतोय." दार ओढायला गेलो तर ते निम्म्यावर अडकलं. ते दार नेहमीच अडकायचं.

साहेब आले, पान टोचलं, माझंही टोचलं आणि एका पालथ्या पाटीवर बसले. ह्या वेळी दोघंच. दार फटीएवढं उघडं. आत अंधार आणि कोथिंबिरीचा वास.

"मुकादम, पुकारणार कोण? तुम्ही तर आत."

"पुकारायची गरज नाय. कळतं." मी डोळे मिटले. "हे देवळाली. बाहेर लष्कराच्या बुटांचा आवाज. आता लहवीत गेलं, काय कळत नाय, पण गेलं. अस्वलीला इंजिन पाणी पिऊन दम घ्यायचं. हे घोटी, भाताच्या गिरणीचा कोंडा उडतोय, नाकात जातो. आणि फटीतून गार हवा आली की इगतपुरी. इथं पाट्यांवर अजून एक गोणपाट टाकायचं, नायतर कोथिंबीर काळी पडती."

 मग अंधारातून आवाज आला. "हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

"असंच."

मला वाटलं आता डाव जमला. मी डब्याची तारीफ सुरू केली. काय मजबूत, काय लाकूड, लय पुण्याचा डबा, हजारो घरं यानं जगवली, असा डबा पुन्हा होणे नाही. सगळी माझ्याजवळची चांगली वाक्यं वापरली.

"अरेरे," साहेब म्हणाले.

"काय झालं?"

"स्तुती करताय तुम्ही, मुकादम. म्हणजे मेला हा." आणि खिशातून खडू काढल्याचा आवाज आला.

माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, "मेला? हा मेला? हा मरतोय कसला. ह्या भडव्यानं माझ्या आईची बोटं खाल्ली."

खडू थांबला.

"हे दार. असंच निम्म्यावर अडकायचं. कल्याणला गाडी थांबायची किती, तेवढ्यात पाट्या उतरवायच्या. तिनं हात घातला आणि हे सुटलं. उजव्या हाताची दोन बोटं. फडकं बांधलं तिनं, आणि आधी भाजी विकली, मग दवाखान्यात गेली. तिला विचारलं, आधी दवाखान्यात का नाय गेलीस? तर म्हणाली, मेथी थांबत नाय. त्यानंतर तिची भाकरी एका बाजूनं जाड व्हायची, तीन बोटांनी थापायची ना. मरेपर्यंत जाड. आणि एकदा ह्या हरामखोराला कसाऱ्याला सायडिंगला लावून दिवसभर विसरले. सगळी मेथी सडली, तिनं परत आणून म्हशीला घातली. म्हशीनंसुद्धा तोंड वाकडं केलं. त्या दिवशी तिनं ह्याला ज्या शिव्या दिल्या त्या मी पुन्हा कोणाच्या तोंडून ऐकल्या नाहीत. मी पण नोकरीत लागलो तेव्हापासून जाता-येता ह्याच्यावर थुंकतो. विचारा कोणाला पण."

 एवढं मी बायकोला सांगितलं नव्हतं, आणि ह्या माणसाला तर अजिबात सांगायचं नव्हतं.

साहेब उठले. पण उतरले नाहीत. फटीच्या उजेडात दाराच्या आतल्या बाजूला त्यांनी खडूने गोल काढला, नीट, सावकाश, आणि परत पाटीवर येऊन बसले. "कसारा आला का?" म्हणाले.

"येईल आता."

कल्याण आलं. उतरताना त्यांनी मेथीची एक जुडी उचलली. मी बघितलं तसं म्हणाले, "वाया नको जायला."

साहेबांनी भाजीच्या डब्याचं मुंबईला लिहून कळवलं. आठवड्याभरात उत्तर आलं. सलून ठेवा. बाकी ठेकेदाराला द्या.

मला वाटलं साहेब आता छत्री घेऊन मुंबईला जातील, टेबलावर आपटतील. ते म्हणाले, "बरं."

"बरं? तुमचा गोल हाय त्याच्यावर."

"हुकूम हुकूम असतो, मुकादम. मी चाकरीत आहे."

मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. ते "नमस्कार, मुकादम" म्हणायचे, मी बाभळीला नमस्कार करायचो.

मग त्यांचा निरोपाचा दिवस आला. मांडव घातला, खुर्च्या मांडल्या, शाल, नारळ, हार. एकेक जण उठून बोलायचा. साहेब असे, साहेब तसे, असा अधिकारी पुन्हा होणे नाही. मी शेवटी, खांबाला टेकून उभा होतो. साहेबांना हे सहन होईना, ते शाल सांभाळत उठले आणि लघवीच्या निमित्ताने माझ्याजवळ आले.

"ऐकताय ना? सगळे स्तुती करतायत. मेलो मी."

मी सरळ बघत म्हटलं, "भित्रे निघालात तुम्ही, साहेब. गोल काढायचा आणि पुसू द्यायचा, ह्याला काय अर्थ? त्यापेक्षा आमच्या मळ्यातलं बुजगावणं बरं, कावळे तरी घाबरतात."

साहेबांनी मोठा श्वास घेतला. "आता जरा बरं वाटलं," म्हणाले आणि परत जाऊन हारात बसले. पेढा मी खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठेकेदाराची माणसं सिलिंडर घेऊन आली. आधी टोकाचा डबा घ्या, म्हटलं त्यांना, तोंडासमोरून जाऊ दे एकदाचा. त्यांनी बाभळी तोडल्या आणि कटर पेटवणार, तेवढ्यात त्यांचा माणूस माझ्याकडे पळत आला.

"मुकादम, डब्यात माणूस बसलाय."

मी गेलो. आत पालथ्या पाटीवर साहेब. तोच पांढरा शर्ट, पण आज इस्त्री नव्हती. पायात चपला. पुढ्यात जेवणाचा डबा, त्यात भाकरी आणि मेथी. मांडीवर छत्री. छातीच्या खिशात कडुनिंबाचं टोचलेलं पान.

"साहेब, हे काय?"

"साहेब कालपर्यंत. आज पॅसेंजर."

ठेकेदाराचा माणूस आत डोकावून म्हणाला, "बाबा, उतरा ना. आम्हाला कापायचंय."

"गाडी चालू असताना उतरणं गुन्हा आहे," साहेब म्हणाले. "कल्याणला उतरतो."

"कुठं चालू हाय? उभी तर हाय."

"तुम्हाला बाहेरून तसं वाटतं."

तो माझ्याकडे बघायला लागला. कटर हातात, डब्यात माणूस. आत माणूस असताना कापता येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. त्याने फोन लावला. ठेकेदाराने आमच्या ऑफिसला लावला, ऑफिसने मुंबईला. शेवटी गणपत मोबाइल घेऊन डब्यापाशी आला, हात लांब धरून, जसं काय तो भाजेल. "मोठे साहेब लाइनवर हायेत. विचारतायत, काय चाललंय."

साहेबांनी फोन घेतला नाही. मला म्हणाले, "सांगा त्यांना."

मी फोन कानाला लावला. म्हटलं, "साहेब, रिटायर झालेले साहेब भाजीच्या डब्यात बसलेत. उतरत नाहीत."

 मग मोठे साहेब म्हणाले, "कुठपर्यंत पोचलेत?"

मी आत बघितलं. साहेबांनी डोळे मिटले होते. ते हवा हुंगत होते, अंधारात, चुकीच्या बाजूला तोंड करून. ह्या माणसाला घोटी कधी कळली असती, देव जाणे.

"अजून देवळाली पण नाय आली, साहेब," मी सांगितलं.

"मग लागेल वेळ," मोठे साहेब म्हणाले. "कटरवाल्यांना म्हणावं, आज दुसरं काहीतरी कापा. छपराबाहेर जागा आहे का बघतो."

मी फोन गणपतला दिला. कडुनिंबाचं एक पान तोडलं आणि वर चढलो. साहेबांनी पंच काढला, पान टोचलं, माझ्या हातात दिलं. दुसरी पाटी पालथी घातली आणि मी बसलो. मग उठून दार ओढलं. ते निम्म्यावर अडकलं.

मी त्याला आईची शिवी घातली, तिच्याच आवाजात, आणि इगतपुरीची हवा यायची वाट बघत बसलो.